पापण्यांची खाज थांबत नाही? केसांच्या बुडाशी बघा

डोळे चुरचुरतात, पापण्यांना खाज सुटते, सकाळी उठल्यावर कडा लालसर दिसतात. मेडिकलमधून कधी ॲलर्जीचे थेंब आणले, कधी अँटिबायोटिकचे. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. ही तक्रार घेऊन येणारे पेशंट, विशेषतः पन्नाशी ओलांडलेले, मी ऑप्टोमेट्रिस्ट (दृष्टी आणि डोळे तपासणारी) म्हणून सतत बघते. त्यातल्या बऱ्याच जणांच्या बुबुळात किंवा पांढऱ्या भागात काहीच बिघडलेलं नसतं. बिघाड पापणीच्या कडेला असतो आणि तिकडे कुणी नीट बघितलेलं नसतं.

न दिसण्याचं कारण साधं आहे. डोळे मोठे करून तपासायच्या यंत्रावर, म्हणजे स्लिट लॅम्पवर, हनुवटी टेकवली की पेशंट सरळ समोर बघतो, आणि तेव्हा वरच्या पापणीच्या केसांचं मूळ झाकलेलं राहतं. "काकू, आता जरा खाली बघा," असं म्हटलं की ती कड उघडी पडते. तिथे प्रत्येक केसाच्या बुडाशी मेणचट, अर्धपारदर्शक नळी दिसली, जणू केसाला मोजा चढवलाय, तर निदान जवळजवळ झालंच. ही नळी म्हणजे डेमोडेक्स नावाच्या माइटची, एका अतिसूक्ष्म जिवाची खूण. डोक्यातल्या कोंड्याचे कण केसावर कुठेही, विस्कळीत पडलेले असतात. ही नळी मात्र केसाच्या मुळाला वेढून बसते. म्हणून डोळे तपासायला जाल तेव्हा आपणहून म्हणा, "डॉक्टर, मला खाली बघायला लावून पापण्यांची कडपण बघाल का?"

हा जीव आहे तरी कोण

डेमोडेक्स हा कोळी आणि गोचीड यांच्या कुळातला. आठ आखूड पाय, लांबट शरीर आणि लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणं अशक्य. 1841-42 च्या सुमारास जर्मन संशोधकांनी तो माणसाच्या त्वचेत शोधला आणि 1843 मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्याला डेमोडेक्स हे नाव दिलं. माणसाच्या अंगावर त्याच्या दोन जाती राहतात. फॉलिक्युलोरम ही लांब जात पापणीच्या केसाच्या मुळात तीन-चारच्या घोळक्यानं, डोकं खाली करून बसते. ब्रेव्हिस ही आखूड जात एकेकटी राहते आणि जास्त खोल, तेलग्रंथींमध्ये शिरते.

दिवसा हे माइट केसाच्या खळग्यात असतात, कारण उजेड त्यांना सोसत नाही. रात्री ते त्वचेवर येतात, जोडी जमवतात आणि पुन्हा खळग्यात जाऊन अंडी घालतात. अंड्यापासून मरेपर्यंतचं सगळं आयुष्य साधारण दोन ते तीन आठवड्यांचं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपचार किती दिवस करायचे ते यावरच ठरतं.

हे वाचून अंगावर काटा आला असेल तर एक गोष्ट आधी स्पष्ट करते. डेमोडेक्स अंगावर असणं हा आजार नाही. लहान मुलांत तो क्वचित सापडतो, वयाबरोबर वाढत जातो आणि साठी-सत्तरीपर्यंत बहुतेकांच्या त्वचेवर असतो. त्यात अस्वच्छतेचा दोष नाही, लाजण्यासारखं तर काहीच नाही. त्रास सुरू होतो तो संख्या वाढली की, किंवा आपली त्वचा त्याला जास्त तीव्र प्रतिसाद देऊ लागली की. म्हणून उपचाराचं उद्दिष्ट एकही माइट शिल्लक न ठेवणं हे नसतं. संख्या आटोक्यात आणायची आणि पापणीची कड शांत करायची, एवढंच. निर्जंतुक व्हायच्या हट्टापायी पापण्या सोलून काढलेले पेशंट मी पाहिलेत. त्यांचा मूळ त्रास राहतो बाजूला आणि कातडीला जखमा होतात.

पापणीचं नेमकं काय बिघडतं

पापणीच्या कडेला, केसांच्या ओळीच्या आतल्या बाजूला मायबोमियन ग्रंथींची तोंडं असतात. वरच्या पापणीत तीस-चाळीस, खालच्या पापणीत वीस-तीस. त्यांतून येणारं पातळ तेल अश्रूंवर पसरतं आणि अश्रू लवकर उडून जात नाहीत. फॉलिक्युलोरम केसाच्या मुळातलं अस्तर खरवडतो, त्यामुळे खळगा रुंदावतो, केस सैल होतात, वाकडे वाढतात किंवा गळतात. ब्रेव्हिस तेलग्रंथीत ठाण मांडतो आणि तेलाची वाट तुंबते. मेलेल्या माइटचे अवशेष आणि त्यांच्याबरोबर आलेले जंतू यांनी कडेला सूज येते. या सुजेला डॉक्टर ब्लेफरायटिस म्हणतात.

तेल कमी पडलं की डोळे कोरडे पडतात, आणि कोरडे डोळे उलटे वाहतात, हे बऱ्याच जणांना पटत नाही. स्कूटरवर वारा लागला, एसीमध्ये बसलं किंवा तासभर मोबाइल बघितला की पाणी येतं ते यामुळे. पुन्हा पुन्हा रांजणवाडी येणं, पापणीत न दुखणारी गाठ राहणं, कॉन्टॅक्ट लेन्स पूर्वीसारखी न सोसणं, गाल आणि नाक सतत लाल राहणं (याला रोझेशिया म्हणतात), या सगळ्यांशी डेमोडेक्सचा संबंध आढळतो.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तर याकडे बघायलाच हवं. सुजलेल्या कडेवर जंतूंची वस्ती जास्त असते, त्यामुळे ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत संसर्ग होण्याचा धोका वाढतो. शिवाय डोळा कोरडा असेल तर बुबुळाची मापं चुकू शकतात आणि बसवायच्या लेन्सचा नंबर याच मापांवर ठरतो. ऑपरेशनची तारीख काही आठवडे पुढे ढकलून आधी पापण्या सुधारायला सांगितलं तर नाराज होऊ नका.

पायरी पहिली: घरच्या घरी तपासा

सकाळी तोंड धुण्याआधी, काजळ नसताना, खिडकीजवळच्या उजेडात बसा. घरातल्या कुणाला तरी मोबाइलनं जवळून फोटो काढायला सांगा आणि तुम्ही नजर पूर्ण खाली ठेवा. फोटो मोठा करून बघा. केसांच्या बुडाशी नळ्या आहेत का, केस मध्येमध्ये गेलेले आहेत का, कड जाड आणि लाल आहे का? फोटो जपून ठेवा, सहा आठवड्यांनी तुलना करायला लागेल.

खाज नेमकी कुठे सुटते तेही बघा. डेमोडेक्सची खाज पापणीच्या कडेला, केसांच्या मुळाशी असते आणि बरेच जण ती रात्री किंवा पहाटे जास्त असल्याचं सांगतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात खाज, बरोबर शिंका, आणि ठरावीक मोसमातच त्रास, असं असेल तर ॲलर्जीची शक्यता जास्त. कडेला कडक पिवळट खपली असेल आणि ती काढताना रक्त येत असेल तर जंतुसंसर्ग असू शकतो. आणि पापणीच्या केसांना बारीक लिखा चिकटलेल्या दिसल्या तर ती ऊ आहे. तो वेगळा जीव, त्याचा उपचारही वेगळा.

घरची तपासणी अंदाज देते, निदान डॉक्टरच करतात. गरज वाटली तर ते चिमट्यानं एखादा केस हलकेच गोल फिरवतात तेव्हा माइटच्या शेपट्या बाहेर डोकावतात, किंवा दोन-चार केस उपटून मायक्रोस्कोपखाली बघतात. काचपट्टीवरच्या त्या केसाभोवती पाय हलवणारे माइट पेशंटला दाखवले की पुढचे सहा आठवडे स्वच्छतेची आठवण करून द्यावी लागत नाही.

पायरी दुसरी: शेक

हात साबणानं धुवा, नखं कापलेली असू द्या, लेन्स काढून ठेवा. काजळ, आयलायनर पूर्ण पुसा.

स्वच्छ सुती कापड गरम पाण्यात बुडवून पिळा. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, तिथे सोसलं तरच बंद पापण्यांवर ठेवा. ओलं कापड दोनेक मिनिटांत थंड होतं, म्हणून पुन्हा बुडवत राहा. एकूण पाच ते दहा मिनिटं शेक मिळायला हवा. डोळ्यांसाठीचा गरम करायचा मास्क मिळतो, त्यात उष्णता जास्त वेळ टिकते आणि घाईच्या सकाळी तोच परवडतो. तव्यावर रुमाल गरम करून शेकायची आपल्याकडे सवय आहे, ती इथे नको. रुमाल एखाद्या ठिकाणी फार तापतो आणि पापणीचं कातडं शरीरातल्या सगळ्यात पातळ कातड्यांपैकी एक आहे. चेहऱ्यावर रोझेशिया असेल तर शेक कोमटच ठेवा, जास्त उष्णतेनं लाली भडकते.

पायरी तिसरी: मसाज

शेकानं ग्रंथीतलं घट्ट झालेलं तेल सैल होतं. ते परत थिजायच्या आत बोटाच्या पेरानं वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, म्हणजे दोन्ही वेळा केसांच्या दिशेनं, हलकेच दाबत आणा. पाच-सहा वेळा पुरे. दाब पापणीवर असावा, डोळ्याच्या गोळ्यावर नव्हे. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा काचबिंदूसाठी शस्त्रक्रिया झाली असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय मसाज करू नका.

पायरी चौथी: केसांचं मूळ साफ करणं

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक सगळ्यात जास्त घाई इथेच करतात. पापण्या साफ करायचे तयार वाइप्स आणि फोम औषधांच्या दुकानात मिळतात. डेमोडेक्ससाठी टी ट्री तेलाचा अंश किंवा त्यातला टर्पिनेन-4-ऑल हा घटक असलेले, खास पापण्यांसाठीच बनवलेले वाइप्स डॉक्टर सुचवतात. ते परवडत नसतील तर उकळून गार केलेल्या पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब घालून चालतं. त्यानं कोंडा निघतो, माइट मारण्याची ताकद मात्र त्यात जवळपास नसते.

आरशासमोर बसा. वरच्या पापणीसाठी डोळा मिटा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं पापणी किंचित वर ओढून ताणून धरा. वाइप किंवा इयरबड केसांच्या टोकावरून फिरवून उपयोग नाही, तो मुळाशी टेकवायचा आणि नाकाकडून कानाकडे, पुन्हा कानाकडून नाकाकडे, असा आडवा फिरवायचा. प्रत्येक पापणीला अर्धा मिनिट द्या. खालच्या पापणीसाठी डोळा उघडा ठेवून वर बघा आणि पापणी हलकेच खाली ओढा. दोन डोळ्यांसाठी वेगवेगळे वाइप्स वापरा. मग पाकिटावर धुवायला सांगितलं असेल तर कोमट पाण्यानं धुवा. नळ्या ओढून काढायचा प्रयत्न करू नका. पहिल्या दिवशी निघाल्या नाहीत तरी हरकत नाही, रोजच्या शेकानं त्या सैल होतात.

पहिले काही दिवस थोडी चुरचुर होते. जळजळ टिकली, पापणी सुजली किंवा कातडं लाल होऊन सोलवटलं तर थांबा. टी ट्रीची ॲलर्जी काहींना असते.

भुवया, नाकाच्या बाजू आणि कपाळ यांवरही हेच माइट असतात, म्हणून रात्री चेहरा सौम्य फेसवॉशनं धुवायचा. डोक्यात कोंडा असेल तर त्याचाही उपचार बरोबरीनं करा. उशीचे अभ्रे आणि तोंड पुसायचा टॉवेल आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक वाळवा. माइट शरीराबाहेर फार काळ जगत नाहीत, त्यामुळे गादी-पांघरुणं फेकून द्यायची गरज नाही. शेवटी, डोळे कोरडे असतील तर डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब घाला. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा.

हे सगळं दिवसातून दोनदा, निदान सहा आठवडे. एका पिढीचं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं, आणि आज साफ केलेल्या कडेखाली अंडी शिल्लक असतातच. दहाव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडणाऱ्यांचा त्रास महिन्याभरात परततो. सहा आठवड्यांनंतर रोज एकदा, तेही रात्री, पुरतं. एका घरात नवराबायकोपैकी एकाला वारंवार त्रास होत असेल तर दुसऱ्याच्याही पापण्या तपासून घ्या.

हे मात्र डोळ्यांजवळ नको

शुद्ध टी ट्री तेल पापणीला लावू नका. इंटरनेटवर बघून दोन थेंब लावणारे बुबुळ भाजून येतात. क्लिनिकमध्ये जास्त तीव्रतेचं टी ट्री तेल वापरतात ते डोळा बधिर करून आणि डॉक्टरांच्या हातून.

पापणीचे केस दाट व्हावेत म्हणून एरंडेल किंवा खोबरेल चोपडून झोपायची पद्धत घरोघरी आहे. कडेला सूज असताना ती थांबवा. तेलाचा थर कोंडा धरून ठेवतो आणि माइट तेलावरच पोसले जातात. रांजणवाडीवर लसूण चोळणं, डोळ्यात मध किंवा गुलाबपाणी घालणं यांनी फायदा काही होत नाही आणि नवा संसर्ग मात्र होऊ शकतो.

काजळाबद्दल थोडं कडक बोलते. उपचाराचे सहा आठवडे काजळ, मस्कारा, खोट्या पापण्या, सगळं बंद. पुन्हा सुरू कराल तेव्हा जुनी डबी, कांडी, ब्रश टाकून द्या आणि नवं घ्या. पापणीच्या आतल्या कडेला काजळ भरू नका, कारण तेलग्रंथींची तोंडं नेमकी तिथेच असतात. लग्नघरात एकच कांडी पाच जणींच्या डोळ्यांतून फिरते, तेवढं टाळा. सुरम्यात शिसं सापडलेलं आहे, तो मुलांच्या डोळ्यात कधीच घालू नका.

आणि स्टिरॉइड. लाली चटकन उतरते म्हणून स्टिरॉइडचे थेंब लोक एकाच जुन्या चिठ्ठीवर महिनोन् महिने घालतात. त्यानं डोळ्याचा दाब वाढू शकतो, काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. चेहरा उजळवायची म्हणून जी क्रीम सर्रास विकली जातात, त्यांतल्या अनेकांत स्टिरॉइड असतं, आणि त्यानं चेहऱ्यावरचे डेमोडेक्स बेसुमार वाढू शकतात. अशी क्रीम वापरत असाल तर डॉक्टरांना न लाजता सांगा.

डॉक्टर काय देऊ शकतात

घरची स्वच्छता पुरली नाही तर पुढचे उपाय आहेत. क्लिनिकमध्ये फिरत्या छोट्या स्पंजनं पापणीची कड खोल साफ करतात. तेलग्रंथी फार तुंबल्या असतील तर डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक देतात. डॉक्सिसायक्लिन गरोदर बाईला आणि लहान मुलांना सहसा देत नाहीत, म्हणून दिवस गेले असतील तर आधी सांगा.

आयव्हरमेक्टिन या परजीवींवरच्या औषधाच्या गोळ्या हट्टी डेमोडेक्समध्ये वजनानुसार, ठरावीक अंतरानं देतात. कोविडच्या काळात या गोळ्या घराघरात पोचल्या. मे 2021 मध्ये गोवा सरकारनं तर सगळ्या प्रौढांना त्या द्यायची घोषणा केली होती. तेव्हाची उरलेली पाकिटं काढून मनानं घेऊ नका. गरोदरपणात, काही आजारांत आणि काही औषधांबरोबर त्या चालत नाहीत.

जुलै 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं लोटिलानर या औषधाच्या 0.25 टक्के थेंबांना मान्यता दिली. खास डेमोडेक्समुळे होणाऱ्या ब्लेफरायटिससाठी तिथे मान्यता मिळालेलं हे पहिलं औषध. दिवसातून दोनदा, सहा आठवडे घालायचं. ते माइटच्या मज्जासंस्थेवर काम करून त्याला लुळं पाडतं. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी आपल्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावं. हेच रसायन कुत्र्या-मांजरांच्या गोचिडांवरच्या गोळ्यांत असतं, पण प्राण्यांची गोळी माणसानं घ्यायची नाही.

कधी वाट बघत बसायचं नाही

नजर अंधुक झाली, उजेड सोसेना, डोळा ठणकायला लागला, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा कपाळाच्या एका बाजूला आणि पापणीवर पुरळ आलं, तर शेक-मसाजात वेळ घालवू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. लहान मुलाला महिनोन् महिने पापणीचा त्रास असेल आणि ते उजेडाकडे बघायला टाळत असेल तरी तेच करा.

आणखी एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत हवी. साठीच्या पुढच्या माणसाला एकाच पापणीत एकाच जागी गाठ पुन्हा पुन्हा येते, तिथले केस गळतात, किंवा एकाच डोळ्याची कड महिनोन् महिने सुजलेली राहते आणि कशालाच दाद देत नाही. हा तेलग्रंथीचा कर्करोग असू शकतो. भारतात पापणीच्या कर्करोगांमध्ये या प्रकाराचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच जास्त आहे आणि तो रांजणवाडीचं किंवा ब्लेफरायटिसचं सोंग घेतो. डेमोडेक्स सहसा दोन्ही डोळ्यांना त्रास देतो. त्रास एकाच बाजूला असेल तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, "याचा तुकडा तपासायला पाठवायचा का?" गाठ कापून काढली असेल तर ती तपासणीला गेली ना याची खात्री करा आणि रिपोर्ट हातात घ्या.

बाकीच्यांनी सहा आठवडे झाले की त्याच खिडकीत, खाली बघून, पुन्हा फोटो काढावा. नळ्या निम्म्याहून कमी झाल्या असतील तर आहे तेच रोज एकदा चालू ठेवा. तेवढ्याच असतील तर दोन्ही फोटो, आणि आतापर्यंत डोळ्यात घातलेल्या सगळ्या थेंबांच्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या.